दोर, ठीक

झाडावर चढण्याआधी एकेका सामानाकडे बोट दाखवायचं आणि मोठ्याने 'ठीक' म्हणायचं, ही योशिनोच्या डोंगरातल्या इवादाते मुकादमाच्या टोळीची रोजची रीत. सात वर्षांपूर्वी दोर तुटून सुझुनेचे बाबा देवदारावरून पडून गेले, तेव्हा चौकशीत मुकादम म्हणाला होता, "सकाळी मी स्वतः बोट दाखवून तपासला. दोर ठणठणीत होता. वर त्याचीच करवत लागली असणार." दोष बाबांच्या माथी बसला. सुझुनेने मग त्याच टोळीत काम धरलं.

आज देवळामागच्या देवदाराच्या फांद्या छाटायच्या होत्या आणि सुरक्षा तपासायला सरकारी साहेब आले होते. सुझुनेने ताडपत्रीवर मुकादमाचं सामान नीट मांडून ठेवलं.

"आटप गं," मुकादम सिगारेट पेटवत म्हणाला. "तुझा बापही असाच गाठी कुरवाळत बसायचा. शेवटी आलाच ना खाली."

"तुम्हीच बघून घ्या ना एकदा, मुकादम."

साहेबांकडे बघून हसतच त्याने सामानावरून बोट फिरवलं. "हेल्मेट, ठीक. कमरपट्टा, ठीक. दोर, ठीक."

साहेबांनी तिन्ही 'ठीक' लिहून घेतले.



दोराच्या वेटोळ्याच्या अगदी वर ठेवलेलं तुटकं, झिजलेलं टोक सुझुनेने साहेबांच्या हातात दिलं. "बाबा पडले तो हाच दोर, साहेब, मी जपून ठेवलेला. मुकादमांनी आज दुसऱ्यांदा तपासला."