आळीचं शिक्षण

पेशवाईतलं पुणं. काशीहून शिकून आलेले दिगंबरशास्त्री रोज संध्याकाळी आपल्या ओट्यावर बसून आळीला सुधारायचे. "नुसतं ऐकून काय उपयोग? विद्वान कसा वागतो ते बघा आणि तसं वागा," हे त्यांचं पालुपद. आळी काही शिकत नाही, ही त्यांची कायमची तक्रार.

चैत्रातल्या एका दुपारी संपत तांबटाच्या छपराला आग लागली. हिंदुराव पैलवानापासून म्हाताऱ्या तुळजाबाईपर्यंत सगळे हौदावरून घागरी भरभरून धावले. शास्त्रीबुवाही पूजेतून उठून ओट्यावर आले. घागर मात्र त्यांनी धरली नाही. "मी सोवळ्यात आहे," म्हणाले, आणि पाणी कुठं ओतावं ते तिथूनच सांगत राहिले.

वैशाखात त्यांच्याच गोठ्यातल्या कडब्यानं पेट घेतला. गाय कशीबशी सोडून शास्त्रीबुवा ओरडत रस्त्यावर आले. सगळी आळी आपापल्या ओट्यावर हात बांधून उभी होती. तालमीतून घामेजून आलेल्या हिंदुरावानंही कमरेला कुणाची तरी सोवळ्याची धाबळी गुंडाळली होती.

"अहो हिंदुराव, बघता काय? घागर घ्या."

"घेतली असती बुवा, पण आज आमीबी सोवळ्यात हाय. वाऱ्याच्या अंगानं वता, लवकर इझंल."

शास्त्रीबुवा पीतांबर खोचून एकटेच हौदाकडे पळाले.

 

आळी काही शिकत नाही, असं ते त्यानंतर कधी म्हणाले नाहीत.