शुक्रवारचा भोंगा

“एक हिरवी, एक लाल,” माधवी म्हणाली आणि तिने लॅपटॉप श्यामकांत सरांकडे वळवला.

अंबरनाथच्या एमआयडीसीत शुक्रवारी सुट्टी असते. रसायनांचा तो कारखाना बंद होता, काचेपलीकडचा रिअ‍ॅक्टर थंड होता. नवा प्रोग्राम बसवायचा तर आजच; उद्या सकाळी सातला पहिली पाळी. प्रोग्रामचं काम एकच. रिअ‍ॅक्टर ऐंशी अंशांच्या वर सलग दोन मिनिटं राहिला, की भोंगा वाजवायचा.

त्याच्या चाचण्या माधवीने आपोआप होतील अशा लावल्या होत्या. कुणी एक ओळ बदलली, की इंटरनेटवर कुठेतरी एक कोरा संगणक उभा राहतो, त्यावर पायथन ही भाषा बसवली जाते आणि बेचाळीस चाचण्या धावतात. भाषेची कुठली आवृत्ती बसवायची, ते एका छोट्या यादीत लिहायचं असतं. कालपर्यंत यादीत एकच आकडा होता, सगळ्यात नव्या आवृत्तीचा. काल संध्याकाळी माधवीने त्याखाली दुसरा लिहिला: ३.८. चाचणी नापास होऊन लाल झाली होती ती हीच ओळ.

“अगं यार, ३.८ आता वापरतं कोण?” समीरने विचारलं. प्रोग्राम त्याने लिहिला होता.

“हा.” माधवीने टेबलाखालच्या संगणकाकडे बोट दाखवलं. तो बारा वर्षांचा होता. त्याच्यावर ३.८च्या पुढची आवृत्ती बसत नव्हती, आणि तापमान घेणारं कार्ड दुसऱ्या कुठल्याही संगणकावर चालत नव्हतं.

“चालतोय ना पण! बघ, एकतीस अंश दाखवतोय. सकाळी प्रोग्राम चढवला तेव्हापासून एक एरर नाही. ते ३.८ यादीतून उडव, सगळं हिरवं होईल, सर सही करतील. उगाच फुकट टाइमपास.”

“यादीतून उडवते. टेबलाखालून कसं उडवू?”

श्यामकांत सरांनी सही करायला पेनाचं टोपण काढलं होतं. प्रोग्राम बनवणारी ही कंपनी काढण्याआधी ते बावीस वर्षं कारखान्यात अधिकारी होते.

“समीर हे काम सात वर्षं करतोय, माधवी. तू तीन महिने.”

“हो सर. पण आज सगळं थंड आहे. भोंगा वाजायची वेळच आलेली नाही. चाचणी म्हणते, आली तरी वाजणार नाही.”

दाराशी रघु बसला होता. तो रिअ‍ॅक्टर चालवायचा. बारवी धरणाकडच्या गावातून आज सुट्टीचा फक्त कुलूप उघडायला आला होता. उद्याची पहिली पाळी त्याचीच.

“मंग सायेब, ती तापमान मोजायची दांडी गरम पाण्यात घाला ना,” तो म्हणाला. “तिला काय कळतंय, रिअ‍ॅक्टर हाय का किटली.”

समीर हसला. किटली लावली. रघुने तापमानाची दांडी काढून आणली आणि उकळत आलेल्या पाण्यात सोडली. पडद्यावर आकडा चढला. अठ्ठावन्न. एकोणऐंशी. चौऱ्याण्णव.

“बघा, वाचतोय की नाही?” समीर म्हणाला.

सरांनी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं झाली. तीन. समीर “एक मिनिट” म्हणाला, आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला. पाच मिनिटं झाली. आकडा नव्वदच्या वरच होता आणि भोंगा गप्प. रघु भोंग्याकडे बघतच नव्हता. काचेपलीकडे, रिअ‍ॅक्टरला लागून त्याचं स्टूल होतं. तो तिकडे बघत होता.

सरांनी पेन बंद केलं.

समीरने खुर्ची ओढली. चूक सापडायला त्याला वीस मिनिटं लागली. प्रत्येक नोंदीवरची वेळ वाचायला त्याने भाषेतली एक सोय वापरली होती. त्या प्रकारे लिहिलेली वेळ ३.८ला वाचता येत नव्हती. आणि वाचता न आलेली नोंद सोडून पुढे जा, असंही त्यानेच लिहिलं होतं. आकडा दिसत राहिला; दोन मिनिटं मोजायला मात्र प्रोग्रामकडे एकही वेळ नव्हती.

“माझंच आहे हे,” तो म्हणाला. त्याने सात ओळी बदलल्या आणि पाठवल्या.

चाचण्या पुन्हा धावू लागल्या, लॅपटॉपवर दोन्ही ओळी पिवळ्या झाल्या. नवी आवृत्ती आधी हिरवी झाली. ३.८ची ओळ चार मिनिटं पिवळीच होती.

“बेचाळीसपैकी बेचाळीस,” माधवी म्हणाली.

समीरने प्रोग्राम टेबलाखालच्या संगणकावर चढवला. “ती यादी आता अशीच राहील,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “मी सांगितलं तरी हात लावू नकोस.”

“तुम्ही सांगणारच नाही,” माधवी म्हणाली.

किटली पुन्हा लावली. आकडा ऐंशीच्या वर गेला. एक मिनिट. दीड.

दोन मिनिटांना भोंगा वाजला. बंद कारखान्यांच्या त्या गल्लीत तो एवढा मोठा वाटला, की वॉचमन धावत आला, पाठोपाठ समोरच्या गेटचाही आला. सर हसत उभे राहिले. समीरने भोंगा बंद करायला बटणाकडे हात नेला.

रघुने त्याचं मनगट धरलं.

“राहू द्या सायेब,” तो म्हणाला. “जरा वाजू द्या.”