आप्पासाहेबांची डबलडेकर

"सगळे खाली उतरा," आप्पासाहेबांनी नाकाला रुमाल लावून फर्मावलं. "गाडी आज पाहुण्यांसाठी हाय."

गाडीत ऊसतोडीची टोळी बसली होती, वरच्या मजल्यापासून मागच्या पायरीपर्यंत खचाखच. पाथर्डीकडची माणसं. मांडीवर कोयते, फडक्यात भाकरी, कडेवर पोरं. रेल्वेलाइनीपलीकडचा ऊस तोडायला ही गाडी त्यांना रोज सकाळी न्यायची, दिवसभर फडाच्या बांधाला उभी राहायची आणि दिवेलागणीला त्यांनाच भरून परत आणायची. झुंबरबाई, म्हणजे मुकादमाची आई, पुढं आली. तिच्या शब्दाबाहेर टोळी जात नसे. रस्ता एकच आहे, वाटेत सोडा, दोन कोस ही बारकी पोरं चालायची कशी, असं ती अदबीनंच म्हणाली.

"पाय दिल्यात की देवानं," आप्पासाहेब म्हणाले. "पायी जा."

टोळी उतरली. बाकं फिनेलनं धुतली गेली, कारण गरिबाच्या घामाचा वास पुढाऱ्यांना निवडणुकीच्या सभेपुरताच सोसतो. बहात्तरची विधानसभा तोंडावर आली होती आणि उमेदवार ठरवणारे जिल्ह्याचे एक बडे पुढारी त्या दिवशी रेल्वेनं येणार होते. आप्पासाहेब साखर कारखान्याचे चेअरमन होतेच. आता त्यांना आमदार व्हायचं होतं. दुसरी कसलीही पात्रता जवळ नसल्यामुळे त्यांनी डबलडेकर आणली होती. मुंबईत नव्या गाड्या आल्या, जुन्या मोडीत निघाल्या, आणि मुंबईनं टाकलेलं ते धूड यांनी वाजतगाजत तालुक्यात आणलं. शेजारच्या कारखान्याकडे नुसती जीप होती, एवढंच त्यामागचं कारण. वाटेत रुळांखालून रस्ता जायचा, त्या रेल्वेच्या मोरीवर उंचीची पाटी होती, तीही कुणी दाखवली होती. पाटी रेल्वेची आहे, गाडी आपली आहे, असं उत्तर मिळालं. आणि खरोखरच, गाळप सुरू झाल्यापासून गाडी रोज मोरीखालून जात होती. वर दोन बोटं जागा राहायची. आप्पासाहेब ते स्वतःचं कर्तृत्व म्हणून सांगत.

तर गाडीला झेंडूच्या माळा चढल्या. आप्पासाहेब आठ-दहा संचालक घेऊन वरच्या मजल्यावर बसले. आपल्या डोक्यावर कुणाचे पाय असलेले त्यांना खपत नसत. गाडी आधी गावातून मिरवली, मग स्टेशनच्या रस्त्याला लागली, मोरीत शिरली, आणि कर्रर्र करून टप कमानीला चिकटला. पुढं जाईना, मागं येईना. ड्रायव्हर गोरक्ष शपथेवर सांगू लागला की काल संध्याकाळी इथूनच आलो.

एका संचालकानं कमान थोडी तासून घ्यावी असं सुचवलं. उंटावरच्या शहाण्याचा वंश बुडाला नाही, हे बघून बरं वाटलं. दुसऱ्यानं चाकांतली हवा सोडायला सांगितली, पण ती परत भरायचा पंप कारखान्यात होता. शेवटी गाडी हलकी करावी म्हणून सगळे खाली उतरले. आणि सगळ्यांच्या देखत गाडी आणखी वर उचलली गेली, कमानीत घट्ट रुतून बसली.

तेव्हा आप्पासाहेबांच्या डोक्यात उजेड पडला. रोज जात होती ती भरलेली गाडी. माणसांच्या ओझ्यानं चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबायचे आणि ती चार बोटं खाली बसायची. तेवढ्यात शिट्टी झाली. पुढाऱ्यांना घेऊन आलेली आगगाडी मोरीवरून, आप्पासाहेबांच्या डोक्यावरून, धडधडत स्टेशनकडे गेली. स्टेशन पलीकडे हाकेवर होतं.

मागून टोळी चालत येत होती. आप्पासाहेबांनी गोरक्षला त्यांना बोलवायला पाठवलं. झुंबरबाई रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि चेअरमन स्वतः येईपर्यंत तिथून हलली नाही. ते आले. बसा म्हणाले. रुमाल खिशातच राहिला होता.

टोळी मुकाट्यानं चढली. गाडी दबली आणि अलगद मोरीतून निघाली. आप्पासाहेबांना खाली, मागच्या पायरीवर तेवढी जागा मिळाली; संचालक मोरीपाशीच राहिले. वर पोरं थयथय नाचत होती.

स्टेशनाबाहेर पुढाऱ्यांनी माणसांनी फुललेली गाडी पाहिली आणि ते हरखले. माणसं जोडलीत आप्पासाहेब, म्हणाले, असाच माणूस आम्हाला हवा; कारखान्यावर चला, तिथल्या सभेतच तुमचं नाव जाहीर करतो. आप्पासाहेबांना आभाळ ठेंगणं झालं. स्वतःची जीप त्यांनी मुद्दाम घरी ठेवली होती. पाहुणे डबलडेकरमधूनच मिरवत न्यायचे, असा बेत होता. पुढारी वजनदार गृहस्थ, जिना चढताना धापा टाकत होते. ते एकदाचे वर जाऊन पुढच्या बाकावर बसले.

आणि टोळी उतरू लागली. स्टेशनाला लागूनच फड होता. पोरं बांधावर पळाली, बायांनी पदर खोचले, पुरुषांनी कोयत्यांना धार लावायला घेतली. गाडीत उरले पुढारी आणि त्यांचे दोन चेले. आप्पासाहेबांनी एकदा रिकाम्या बाकांकडे पाहिलं, एकदा मोरीकडे. मग जो माणूस जन्मात बांधावर उतरला नव्हता, तो पायातल्या पंपशूंसकट ढेकळांत उतरला. झुंबरबाईजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, मोरी ओलांडेपर्यंत तरी टोळीनं परत बसावं, एवढी विनंती आहे.

झुंबरबाईनं उसाच्या बुडख्यावर कोयता घातला. ऊस बाजूला टाकला. मग वरच्या बाकावरच्या पुढाऱ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं.

"पाय दिल्यात की देवानं," ती म्हणाली. "पायी जावा."