चाळीस कशाचे?

“भोंगा बोंबलून बोंबलून म्हातारा होतो, पण पट्टा काही हलत नाही,” नवा सुपरवायझर हातभर अंतरावर कुरकुरला.

ऑइलकाकांनी ते त्याच्या ओठांवरून टिपलं. त्यांचे कान केव्हाच संपावर गेले होते. पण समोरच्याचे ओठ वाचत, चार माणसं हसली की मागून हसत, त्यांनी ते झाकून ठेवलं होतं. नव्या सुपरवायझरला मिशा नव्हत्या, ही देवाची कृपा.

साबणाच्या वड्या वाहून नेणारा हा पट्टा थांबला, की काका खाली शिरून ग्रीस भरत. पट्टा पुन्हा सुरू होण्याआधी भोंगा वाजे. काकांच्या लेखी तो वाजतच नसे. पण तेवढ्यात पॅकिंगच्या टेबलावरून तोफ चालत येई आणि वाकून त्यांच्या खांद्यावर थाप मारी. “काय काका, समाधी लागली का?” बाईच्या तोंडाला लगाम नव्हता, म्हणून सगळे तिला तोफ म्हणत. थट्टेची खोड आहे तिला, असं काका धरून चालले होते. दिवसभरात त्यांना कुणा माणसाचा हात लागे, तो तेवढाच. घरी गेल्यावर लेकीचा फोन येई. त्यावर ते “हो, हो” म्हणत. परवा कशाला हो म्हणून बसले, कोण जाणे.

प्रोग्रामरबाई कंट्रोलरच्या पेटीला लॅपटॉप जोडून बसल्या होत्या.

“आधीच्या माणसाने प्रोग्राममध्ये नुसते आकडे टाकून ठेवलेत,” त्या म्हणाल्या. “कशाचे, त्याचा पत्ता नाही. मी प्रत्येक आकड्याला नाव देतेय, म्हणजे माझ्यामागून येणाऱ्याला डोकं फोडावं लागणार नाही. आता हे चाळीस बघा. भोंगा वाजल्यावर पट्टा चाळीस सेकंद थांबून मग सुरू होतो. बाकीच्या लाइनींवर दहाच आहेत. इथे चाळीस कशाचे?”

टेबलावरच्या बायकांना एकाएकी साबणाच्या वेष्टनांत फार रस वाटू लागला. तोफेनेसुद्धा खोक्याला एकदा लावलेली चिकटपट्टी पुन्हा लावली.

“कशाचे नसतील, तर दहा करून टाका,” सुपरवायझर म्हणाला. “आणि तेच नाव द्या, जे इतरांना आहे.”

बाईंनी चाळीस खोडले.

काकांनी टेबलाकडे पाहिलं. मग पट्ट्याकडे. मधे रिकाम्या खोक्यांची चळत, तिला वळसा, मग लोखंडी पायऱ्या, मग वाकून आत शिरायचं. तोफेचा गुडघा दुखरा. ती लंगडत्या चालीने येते. इतकी वर्षं थाप खाल्ली, पण ती केवढी वाट तुडवून येते, हे त्यांनी आज पहिल्यांदा नजरेने मोजलं. दहात ती खोक्यांपर्यंतसुद्धा पोचणार नाही.

बोललं, तर गेटजवळची खोली ठरलेली. कान गेलेल्या वेल्डरला तिथेच बसवलं होतं. एक खुर्ची, किल्ल्यांचा जुडगा आणि समोर भिंत. त्या भिंतीला ओठ नव्हते.

बाईंचं बोट एकवर पडलं. आता शून्य.

काका पुढे झाले आणि त्यांनी लॅपटॉपवर तळहात ठेवला. ग्रीसचा हात, काळाकुट्ट. बाई दचकल्या. काकांना वाटलं, आपण त्यांच्यापुरतंच, कानात सांगावं तसं बोललो.

“मला ऐकू येत नाही!”

टेबलावरच्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. पलीकडच्या शेडमधून दोघं डोकावले.

तोफ उठली. खोक्यांना वळसा घालून, आपल्या लंगडत्या चालीने आली. काकांच्या खांद्यावर हात ठेवला. थाप नाही, नुसता ठेवला. मग तिचे ओठ दिसतील अशी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

“हळू, काका,” ती म्हणाली. “आम्हाला येतं ऐकू.”