पाळणाताई

“पाळणाताईच ना? मला तक्रार करायची आहे,” हेडफोनमधला आवाज म्हणाला आणि तिने तो लगेच ओळखला. सासूबाई होत्या.

फोन ठेवून देता येत नव्हता. पाळण्यांच्या कंपनीचा नियमच होता, आधी गिऱ्हाईक फोन ठेवणार, मग आपण. मदतकेंद्रावर दोघीच बसायच्या आणि दोघींनाही पाळणाताई हेच नाव लावायचं होतं. दुसरी पाळणाताई कालपासून तापाने घरी. म्हणजे येईल तो फोन हिच्याच कानात. हे तिनेच काल जेवताना घरी सांगितलं होतं. घास चावता चावता सासूबाईंनी नुसतं “हं” केलं होतं.

“बोला मॅडम,” ती म्हणाली. हेडफोनची वायर तिने बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मागे सुपरवायझर येऊन उभी होती. तिला सगळे मनीमाऊ म्हणत. पावलं न वाजवता यायची आणि स्वतःचा हेडफोन लावून लोकांचं बोलणं ऐकत राहायची.

“तुमचा तो आपोआप हलणारा पाळणा आहे आमच्याकडे. पोराने जरा कुंई केलं की लागलाच हलायला. आमचं बाळ नऊ महिन्यांचं झालं.”

“अभिनंदन, मॅडम.” स्क्रीनवर तेच लिहिलेलं होतं.

“डोंबलाचं अभिनंदन! पोर अजून कुशीवर वळत नाही. बसवलं की मुटकुळं कलंडावं तसं कलंडतं. डोकं मागून पाटासारखं सपाट झालंय. यावर काय म्हणते तुमची कंपनी?”

सपाट डोकं तिला माहीत होतं. अंघोळ घालताना हात तिथे गेला की ती घाईघाईने पुढे कान धुवायला घ्यायची. पाळणा कंपनीनेच भेट दिला होता, कामावर परत आली त्या दिवशी. पहिल्या रात्री पोर सलग सहा तास झोपलं, तेव्हा तिला हुंदका आवरेना. दोन महिने डोळ्याला डोळा नव्हता लागलेला. नंतर दुपारचीही झोप त्यातच. मग जागेपणीही त्यातच, कारण त्यात ते गप्प असायचं. आता दिवसाचे चौदा तास पोर पाळण्याच्या पट्ट्यात बांधलेलं असायचं. सासूबाई रोज संध्याकाळी बोलायच्या. ती रोज संध्याकाळी फाडकन उत्तर द्यायची, “तुम्हाला यातलं काय कळतं? आमच्या कंपनीत डॉक्टर बसलेत!”

कंपनीत एकही डॉक्टर नव्हता. मनीमाऊ होती आणि छापील उत्तरं होती.

“मॅडम, प्रत्येक बाळाचा वेग वेगळा असतो.”

“ते पाठ आहे मला. आमची सूनही हेच म्हणते. जरा जास्त विचारलं की दार आपटून आत जाते. म्हटलं कंपनीलाच विचारावं. कंपनीला आपटायला दार नसतं.”

मनीमाऊ फिसकन हसली. तिला वाटलं, कुठल्याशा घरातली सासू-सुनेची कटकट ऐकतोय. तिने टेबलावर टकटक केलं आणि स्क्रीनवरच्या पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘बाळ अस्वस्थ असल्यास पाळण्याचा वेग दोनवरून तीनवर न्यावा.’

फोनमागे नुसता कल्लोळ होता. पोरं बेंबीच्या देठापासून रडत होती. आज बाळाची नवव्या महिन्याची लस होती. हिला रजा मिळाली नव्हती, म्हणून सासूबाई एकट्याच त्याला घेऊन दवाखान्याच्या रांगेत बसल्या होत्या.

“मॅडम, पाळण्याचा वेग...” तिने सुरुवात केली आणि तिथेच अडली.

त्या कल्लोळात तिला तिचं पोर ऐकू आलं. बाकीची पोरं श्वास कोंडेपर्यंत रडत होती. हे दोनदा रडायचं आणि थांबायचं. पुन्हा दोनदा, पुन्हा थांबायचं. त्याला सुई टोचली होती, ते आजीच्या मांडीवर होतं, आणि तरी ते वाट बघत होतं. पाळणा हलण्याची.

“काढा त्याला बाहेर,” ती म्हणाली.

“काय म्हणालात? मोठ्याने बोला, पाळणाताई.”

“पाळण्यातून बाहेर काढा!” तिचा आवाज चिरकला. “जागं असेल तेव्हा जमिनीवर पालथं घाला. रडेल, रडू दे. जवळ बसा, पण परत पट्ट्यात बांधू नका. चौदा चौदा तास बांधलेलं पोर वळणार कुठून? त्याला वळायला जागा कधी दिलीय आपण?”

मनीमाऊने वायरीला हात घातला. तिने तो हात झटकून टाकला.

“आणि आम्हाला इथे काही कळत नाही. समोर लिहिलेलं वाचतो आम्ही. आमच्याकडे डॉक्टर नाही, कधीच नव्हता. तिथे आहेत ना, त्यांनाच दाखवा त्याला. आत्ता. मी निघालेच.”

 ती कान फुटेस्तोवर शिव्या ऐकायच्या तयारीने बसली. “आई?” तिने हळूच विचारलं.

पण सासूबाई तिच्याशी बोलतच नव्हत्या. मोबाइल स्पीकरवर टाकून त्यांनी तो दवाखान्यातल्या बाकावर, रांगेतल्या सगळ्या आयांच्या मध्ये ठेवला होता.

“ऐकलंत ना ग पोरींनो? मघापासून मी घसा फोडतेय, तर म्हातारी बरळते म्हणत होतात. आता घरी जा आणि काढा आपापली पोरं त्या पाळण्यांतून. खुद्द कंपनी सांगतेय.”