उजव्या चाकाचं तेल

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मोहाडीच्या यादोराव मिस्त्रीची अब्रू एका ऑइल सीलवर येऊन अडकली.

धानाची गिरणी चालवणाऱ्या भैय्याजींनी खाणीतल्या गोऱ्या साहेबाची दोन सीटांची लाल गाडी हौसेनं घेतली होती. तिच्या मागच्या उजव्या चाकातून तेल गळून ब्रेक ओले होत. यादोरावनं बेअरिंग आणि तेल अडवणारं रबरी सील नवं घातलं. आठवडाभर गाडी भैय्याजींच्या घरामागच्या पडवीत झाकून होती. रविवारी बाहेर काढली, तर पुन्हा गळती. चाक उघडलं, तर सील उलटं! पुन्हा सुलट घातलं. पुढच्या रविवारी पुन्हा उलटं.

"यादोराव, डोळे गेले का हात?" भैय्याजी अंगणात चारचौघांदेखत म्हणाले. "आता गळली तर गाडी नागपूरले. अन् गिरणीचे ट्रकही."

ट्रक गेले की बाजारातलं कुत्रंही आपल्या दुकानाकडे फिरकणार नाही, हे यादोरावला ठाऊक होतं.

"मी उलटं बसवलंच नाही, भैय्याजी."

"मंग काय भुतानं फिरवलं?"

भैय्याजी गिरणीवर गेले. त्यांच्या बायकोनं, मालनबाईंनी, चहा आणून दिला आणि त्या नेहमीसारख्या ओट्यावर बसून पाहत राहिल्या. यादोरावनं गरम तेलातून बेअरिंग काढून दांड्यावर सरकवलं. मग सील उचललं.

"याचं तोंड कोणीकडे, यादोरावभाऊ?"

"आत. तेलाकडे."

"असं होय! मी बाहीरच समजत होती."

तो हसला. "तुमचं जाऊ द्या वहिनी, इथं मलेच आंधळा म्हणून राहिले."

लाकडाचा ठोकळा धरून त्यानं सील हलक्या हातानं चौफेर ठोकलं. चाक चढवलं, नट आवळला आणि तो फिरू नये म्हणून त्याच्या खाचेत जाड कॉटर पिन घालून तिचे पाय मुडपले.

"हे तर आमच्या आकड्यासारखंच," मालनबाई अंबाडा चाचपत म्हणाल्या.

"आकडा केस धरते. हे चाक धरते."

रविवारी गाडी तुमसरला जाऊन आली. भैय्याजींनी चाकामागे बोट फिरवलं. कोरडं ठणठणीत.

"हे झालं मिस्त्रीचं काम!" ते म्हणाले.

पुढे भैय्याजींना अर्धांगवायू झाला. गिरणी मालनबाईंनी हाती घेतली आणि जोरात चालवली. इंजिन अडलं तरी त्यांनी कधी कोणाला बोलावलं नाही. यादोरावनं तुमसरला मोठं गॅरेज टाकलं. नवं गिऱ्हाईक आलं की तो त्या चाकाची गोष्ट रंगवून सांगायचा: त्या दिवसानंतर ते कुणी उघडलं नाही, थेंबभर गळलं नाही.

शहाऐंशी साली गाडी विकायला निघाली. गोंदियाच्या गिऱ्हाइकाला मागचं उजवं चाक उघडून पाहायचं होतं. "पाहा ना, माझ्या हातचं आहे," म्हणत यादोरावनं ऐटीत टोपण काढलं, पाना उचलला आणि तिथंच थांबला.

नटाच्या खाचेत केसांचा आकडा होता, पाय नीट मुडपलेला.