अर्विडचं पहिलं उड्डाण

"दोरी जुनी झालीय, अर्विड. शेपटीला साखळी लाव," लोवेल म्हणाला.

"तू जाऊन तुझे पॅनकेक उलट. मला इथे बघे नकोत."

क्लबचा अध्यक्ष लोवेल ब्रेक्के शनिवारच्या न्याहारीच्या तव्याकडे परत फिरला. हौसेने विमानं बांधणाऱ्या त्या मंडळींत अर्विड सुंदालइतका हट्टी आणि इतका भित्रा माणूस दुसरा नव्हता. चौदा वर्षं खपून त्याने लाकडाकापडाचं पिवळं विमान बांधलं होतं. दर शनिवारी तो दोरीने शेपटी खुंटाला बांधायचा, पुढे जाऊन नाकावरचा पंखा हाताने फिरवून इंजिन चालू करायचा, ते कान देऊन ऐकायचा आणि बंद करायचा. उडायचं म्हटलं की कधी वारा आडवा असायचा, कधी एखादा स्क्रू सैल.

आजचा शनिवार मात्र शेवटचा. बायकोचं, मारितचं, दुखणं वाढलं होतं आणि दोघं मुलीकडे शहरात राहायला निघाली होती. सोमवारी गिऱ्हाईक येणार होतं. त्याला हवं होतं फक्त इंजिन. बाकीच्याचं सरपण होणार होतं.

मारित चाकांच्या खुर्चीत, धावपट्टीच्या गवताकडे तोंड करून बसली होती.

"लोवेल, आज तरी उडेल का रे ते?"

"उडवेल तो."

"त्या पंखांपायी माझी बैठकीची खोली गेली. एकदा वर दिसू दे, मग खुशाल फोडा."

"उडतोय कसला!" तव्यापाशी उभी असलेली डार्लीन म्हणाली. "इंजिन ऐकेल, मान डोलवेल आणि येईल कॉफी प्यायला."

तेवढ्यात शेडमागे इंजिन धडधडलं. आवाज चढत गेला आणि पिवळं नाक बाहेर आलं.

लोवेलच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. एकेक स्क्रू तीनतीनदा तपासणारा अर्विड आज गवताच्या कडेला थांबलासुद्धा नाही. विमान सरळ धावत सुटलं. काचेवर ऊन चमकलं, आतलं काही दिसेना. अर्ध्या वाटेतच चाकांनी जमीन सोडली.

"इतक्या लवकर?" डार्लीन म्हणाली. "अर्विडचं शंभर किलोचं धूड घेऊन?"

"कारागिरी आहे ती, बाई!" लोवेल म्हणाला.

मक्याच्या शेतांवरून विमान वर गेलं आणि डावीकडे ऐसपैस वळण घेत परत आलं. उन्हात पंखांचं कापड पेटल्यासारखं दिसत होतं, आतल्या पट्ट्या एकेक मोजाव्यात इतक्या स्पष्ट. लोवेलने कितीतरी पहिली उड्डाणं पाहिली होती. माणूस घाबरतो, हातातली सुकाणूची काठी ओढतो, विमान हिसके खातं. इथे हिसका नाही, डगमग नाही. आपण जन्मभर जे बांधायला धडपडलो ते हे, असं वाटून लोवेलचे डोळे भरून आले. त्याने टोपी काढली. बाकीच्यांनीही काढल्या. तव्यावरचे पॅनकेक करपत होते आणि डार्लीनला पत्ता नव्हता.

मारित रडतारडता हसत होती. "बघ, कसा गप्प बसलाय वर! माझ्याकडे बघून हात तरी हलवायचा."

"हात मोकळा नसेल गं. पण तुझ्याचसाठी घिरट्या घालतोय."

विमान दुसऱ्यांदा डोक्यावरून गेलं.

मागून कुणीतरी धापा टाकत धावत आलं. लोवेलने वळूनही पाहिलं नाही.

"टोपी काढ, दोस्ता," तो म्हणाला. "आपला अर्विड वर आहे."

मग तो वळला. मागे अर्विड उभा होता. हाताला इंजिनाचं काळं तेल, मुठीत दोरीचं तुटकं टोक, आणि नजर आभाळात.

"लोवेल," तो हळूच म्हणाला, "हे तर खरंच उडतं रे!"